घाणीच्या गाडीचा मॅनिफोल्ड

“आता टाका बसणार नाही,” इंजिनात खुपसलेलं डोकं बाहेर काढत मिस्त्री म्हणाला. “वेल्डिंगवर वेल्डिंग करून मूळचं लोखंड शिल्लकच राहिलं नाही. नुसते टाके एकमेकांना धरून बसलेत.”

दाजींनी वाकून बघितलं. इंजिनाच्या डाव्या अंगाला तो मॅनिफोल्ड होता. सगळ्या सिलिंडरांमधला जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडे धाडणारा, ओतीव लोखंडाचा जाड पंजा. त्याच्या मधल्या बोटाला आडवी चीर गेली होती आणि चिरेच्या कडेला काजळी धरली होती.

“टिकटिक वाजते, तेवढंच ना?” दाजी म्हणाले. “वाजू दे. घरात घड्याळ वाजतं, ते कोण ऐकतं?”

“घड्याळातून धूर येत नाही.”

स्पेअर पार्टवाला तोंडावर रुमाल धरून लांब उभा होता. दाजींची गाडी त्याच्या दुकानासमोर उभी राहिली की गिऱ्हाईक पळतं, म्हणून नवा मॅनिफोल्ड तो स्वतःच गॅरेजवर घेऊन आला होता. तिथूनच त्याने खोक्याकडे बोट केलं.

“काका, हा तीन तुकड्यांचा आहे. इंजिन तापलं की लोखंड फुगतं. तुमच्या जुन्याला फुगायला जागाच नाही, म्हणून तो तडकतो. ह्याचे तुकडे एकमेकांत सरकतात. आणि नळ्या बघा किती रुंद. गाडीची ताकद वाढेल. चढावर हरणासारखी पळेल बघा.”

“हरणासारखी,” दाजी म्हणाले.

“शप्पथ.”

“हौद्यात काय असतं माझ्या, माहीत आहे ना तुला? कोंबड्यांची आतडी. डोकी, पाय, पिसं. त्यांना कुठं पोचायची घाई आहे?”

मिस्त्री हसला. तेवढ्यात जुन्या टायरांच्या ढिगामागून ओकारीचा आवाज आला. एक, मग थोडं थांबून दुसरी. दाजींनी मान न वळवताच हात उडवला. “घ्या! आमचे पाहुणे सुरू झाले.”

पाहुणे म्हणजे दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. टायरांमागून तो तोंड पुसत आला. रुमालाची घडी घातली, ती पुन्हा खिशात ठेवली. शर्ट इस्त्रीचा. डोळे मात्र लाल.

“पेस्ट भर चिरेत आणि वरून पट्टी आवळ,” दाजींनी मिस्त्रीला सांगितलं. “गाडी दोन-तीन दिवस तुझ्या दारात उभी ठेवली तर तिकडं पिंपं वाहायला लागतील. माझा माल वाट बघत नसतो.”

“पेस्टनं काय होणार?”

“तू भर.”

स्पेअर पार्टवाल्याने खोकं उचललं आणि जाता जाता म्हणाला, “अपग्रेडचं मनावर घ्या, काका.” दाजी त्याच्या पाठीकडे बघून थुंकले. हल्ली ज्याला त्याला काहीतरी अपग्रेड करायचं असतं. कारखान्याच्या साहेबाला गाड्या अपग्रेड हव्यात, रस्त्यावरच्या लोकांना वास अपग्रेड हवा. कोंबडी मात्र सगळ्यांना तीच खायची असते.

कोंबडीच्या दुकानांमागची पिंपं पहाटे उचलायची आणि गावाबाहेरच्या कारखान्यात नेऊन ओतायची, हे काम दाजी तरुण होते तेव्हापासून करत होते. कारखान्यात त्या सगळ्याचं शिजवून खाद्य बनायचं, चरबी निघायची. काम वाईट नव्हतं. रोजचं होतं, बारमाही होतं आणि ते पळवायला सहसा कोणी येत नसे. चहाच्या टपरीवर गाडी लांब लावून पायी यावं लागे आणि आल्यावरही बाकावरची माणसं हळूच सरकत. दाजी मुद्दाम त्यांच्याच बाजूला बसत. त्यांना घाणीची किळस येत नसे, किळस करणाऱ्यांची येई.

नाक मरणं ही त्या लाइनीतली एक पायरीच होती. नवा माणूस आला की तो ओकणार, हे ठरलेलं. आठवडाभर ओकायचा, फार तर महिनाभर. मग एक दिवस नाक मरायचं आणि माणूस कामाचा व्हायचा. कारखान्याच्या फाटकावर नव्या गड्याला कोणी कसा आहेस विचारत नसे. “मेलं का नाक?” असंच विचारत. दाजींचं नाक कधीच मेलं होतं. ते पिंपाशेजारी बसून भाकरी खात.

मेहुणा आला तो कापडाच्या दुकानातून. दुकान बंद पडलं तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती. आयुष्यभर त्याने दोनच कामं केली होती. कापडाची ठाणं उलगडायची आणि घडी घालायची, आणि मालकाचा टेंपो चालवायचा. टेंपोमुळे हात चांगला बसला होता. दाजींचे गुडघे बोलायला लागले होते, जोडीला ड्रायव्हर हवाच होता. बायको म्हणाली, “माझ्या भावाला घ्या ना.” घेतला.

दाजी हे नावही त्यानेच आणलं. बहिणीचा नवरा म्हणून तो दाजी म्हणायचा आणि बघता बघता फाटकावरचा वॉचमन, वजनकाट्यावरचा कारकून, सगळेच दाजी म्हणायला लागले. “तुझी कुठली बहीण दिली होतीस रे मला?” असं दाजींनी वॉचमनला एकदा विचारलं होतं. “मागितली असतीत तर दिली असती,” वॉचमन म्हणाला. “गाडी बघून नाही म्हणाली.”

मेहुण्याचं नाक काही मरेना. एक महिना गेला, दुसरा गेला. क्लीनरच्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या डावीकडच्या सीटवर बसून तो रस्ता शिकत होता. तिथल्या दाराचं रबर जुनं झालं होतं, म्हणून त्याने दुकानातले उरलेले कटपीस आणले आणि नीट घड्या घालून प्रत्येक फटीत ठासले. काच वरपर्यंत चढवली. दोन सीटांच्या मधोमध इंजिनाचं पत्र्याचं झाकण होतं, ते तापायचं म्हणून त्यावर पांढरा टॉवेल अंथरला.

“देव्हारा मांडलास की काय?” दाजींनी विचारलं.

“वास आत येतो, दाजी.”

“वास आत येत नाही. वास आतच असतो. तू बाहेरून आलास.”

दाजींची स्वतःची खिडकी सदा उघडी. कोपर बाहेर आणि तोंडावर वारा. मेहुणा कापडात गुंडाळल्यासारखा बंद कोपऱ्यात बसायचा आणि कारखान्याच्या रांगेत गाडी उभी राहिली की दार उघडून खाली उतरायचा. फाटकावर हशा पिकायचा. सगळ्यात मोठ्याने दाजीच हसायचे.

पेस्ट भरली त्याच आठवड्यात दाजींना लायसनसाठी डोळ्यांच्या तपासणीला जावं लागलं. मेहुणा पहिल्यांदाच भरलेली गाडी एकटा घेऊन निघाला, वास नको म्हणून दाजींच्या बाजूचीही काच चढवून. दाजी तपासणीच्या खोलीत एक डोळा झाकून अक्षरं वाचत होते तेव्हा खिशातला फोन वाजला. पलीकडून कुणीतरी अनोळखी माणूस ओरडत होता. “गाडीवर तुमचा नंबर आहे. ती पुलाच्या चढावर सोडून ड्रायव्हर पळालाय. या आणि ही घाण उचला आमच्यासमोरून!”

ड्रायव्हर पळाला नव्हता. दाजी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून पोचले तेव्हा तो दुभाजकावर डोकं धरून बसला होता. गाडी कडेला होती, हँडब्रेक ओढलेला होता, मागच्या चाकाखाली दगडही लावलेला होता. इंजिन तेवढं चालू होतं. मागे गाड्यांची रांग. सगळ्या काचा बंद आणि काचांमागे नाकं दाबलेले चेहरे. एका बाईने काच बोटभर खाली करून दाजींना शिवी घातली आणि पटकन पुन्हा वर केली.

दाजींचं डोकं फिरलं. त्या नाकांचा राग, त्या बाईचा राग, सगळा त्यांनी मेहुण्यावर काढला.

“चारचौघांत लाज काढलीस! वास सोसत नसेल तर अत्तराच्या दुकानात बस. गाडीवर कशाला आलास?”

“दाजी, घाणीचं नाही हो हे.” मेहुण्याची जीभ जड झाली होती. “डोकं फुटतंय. डोळ्यांपुढं अंधारी येते. हात माझे असून माझे वाटेनात, म्हणून उतरलो.”

“लहान पोरंसुद्धा ह्याच्यापेक्षा बरी कारणं सांगतात.”

“खरं सांगतोय.”

“नाक मरू दे, मग सगळं थांबेल.”

मेहुणा उठला. जरा तोल गेला, सावरला. किल्ली गाडीतच होती, पण खिशात गाडीची जादा किल्ली होती, डिझेलच्या टाकीची होती. त्या सगळ्या त्याने दाजींच्या हातात ठेवल्या आणि पूल उतरून चालायला लागला. लोक भोंगे वाजवत होते. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

घरी बायको भांडली नाही. ती भांडली असती तर दाजींना बरं वाटलं असतं. ताटात वाढता वाढता ती एवढंच म्हणाली, “माझा भाऊ नाजूक असेल. खोटा नाही.”

“मी कुठं खोटा म्हटलं?”

“चारचौघांत काय काय म्हटलंत ते आलंय माझ्या कानावर.”

पुढचं तिच्याकडून हळूहळू कळलं. दुकान बंद पडल्यापासून मेहुणा सासऱ्याच्या घरी वरच्या खोलीत राहत होता. त्याच्या बायकोचे भाऊ त्याला आता ‘कोंबडीनं हरवलेला’ म्हणत. जेवायला बसला की कुणीतरी कोंबड्यासारखं आरवायचं. पाण्याच्या टँकरवाल्याकडे ड्रायव्हरची जागा होती. मेहुण्याने विचारायला दोन खेपा घातल्या. मालक म्हणाला, पुलावर गाडी टाकून जाणारा माणूस मला नको, उद्या माझा टँकर टाकून जाशील. आणि ही गोष्ट सगळ्या गाडीवाल्यांत पसरली. “आता त्याला सायकलसुद्धा कोणी चालवायला देणार नाही,” बायको म्हणाली आणि दुसऱ्या खोलीत गेली.

दाजी जेवले. त्यांना वाटलं, आपलं काही चुकलेलं नाही. ज्याला जमत नाही त्याने बाजूला व्हावं. तरीही दोन दिवस शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघणं ते टाळत होते, आणि त्या कारणावरून त्यांची स्वतःवरच चिडचिड होत होती.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ते केबिन झाडायला बसले. पाहुण्यांचा देव्हारा काढून टाकायचा होता. दाराच्या फटीतले कटपीस ओढले, ते धुळीने मळले होते. मग इंजिनाच्या झाकणावरचा टॉवेल उचलला आणि थांबले. टॉवेल वरून पांढरा होता. खालून, झाकणाच्या कडेला जिथे पत्रा बसत नव्हता तिथे, लांब काळा पट्टा उमटला होता. पट्टा क्लीनरच्या बाजूलाच होता. त्यांनी बोट घासलं. बारीक, कोरडी, मऊ काजळी.

दाजी टॉवेल मांडीवर घेऊन बसून राहिले. घाणीचे सगळे रंग त्यांनी बघितले होते. लाल, पिवळी, हिरवट, शिळी झाल्यावर निळसर. काळी घाण त्यांनी कधी बघितली नव्हती.

टॉवेल घेऊन ते मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने तो नाकापासून लांब धरून उलटसुलट केला.

“मी सांगत होतो की.”

“तू टिकटिक सांगत होतास. धूर आत भरतो, हे नाही बोललास.”

“तुम्हाला कळलं असेल असं वाटलं.”

“मला कसं कळणार?”

“तेही खरंच म्हणा. तुमची खिडकी उघडी. आणि तुमच्या नाकाला काय डिझेल, काय गुलाब.” मिस्त्रीने टॉवेल परत दिला. मग म्हणाला, “पण पाहुण्यांना तरी कळायला हवं होतं.”

“त्याला हौद्याचा वास मारत होता. त्यात धुराचा कुठून कळणार? त्यानं तर बाहेरचा वास येऊ नये म्हणून बाहेरचीच भोकं बुजवली.” हे बोलताना दाजींच्या लक्षात आलं, की हे सगळं ते स्वतःलाच सांगत आहेत. ते उठले. “उद्या गाडी तू चालव. मी त्याच्या जागी बसतो.”

“भरलेली गाडी? मी?”

“तोंडाला फडकं बांध.”

“दाजी, माझी बायको मला घरात घेणार नाही.”

“माझी घेते की,” दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री तोंडाला दोन फडकी बांधून आला आणि स्वतःची खिडकी पूर्ण उघडून बसला. दाजींनी क्लीनरच्या बाजूच्या फटींत पुन्हा कापडं ठासली. मेहुण्यासारखी घडी त्यांना जमली नाही, बोळेच कोंबले. काच चढवली. गाडी निघाली.

पुलापर्यंत काही झालं नाही. दाजींनी विजयी नजरेने मिस्त्रीकडे बघितलंही. मग डोक्याभोवती कुणीतरी पट्टा आवळायला घेतला, सावकाश, एकेक भोक पुढे. जिभेवर लोखंडाची चव आली. कारखान्याच्या रांगेत गाडी उभी राहिली, इंजिन चालूच, आणि पट्टा आणखी आवळला. फाटकाजवळच्या वॉचमनचे एकाचे दोन झाले. दाजींनी दाराची कडी शोधली, ती हाताला लागेना. स्वतःचा हात आपल्यासमोर चाचपडतोय हे ते बघत होते, तो हात दुसऱ्याचाच असल्यासारखा. शेवटी दार उघडलं आणि ते उतरले कसले, पडलेच. गुडघ्यांवर. आणि तिथेच, फाटकासमोर, सगळ्यांच्या देखत, सकाळचा चहा बाहेर आला. मग चहा नव्हता तरी काहीतरी येत राहिलं.

मग वॉचमन म्हणाला, “दाजी! नाक जिवंत झालं की काय?”

आणि सगळी रांग हसली. वजनकाट्यावरचा कारकून खिडकीतून डोकं काढून हसला. हमाल पोट धरून हसले. दाजी दोन्ही हात जमिनीवर टेकून तसेच होते. ते हसणं त्यांच्या ओळखीचं होतं, फक्त त्यातला सगळ्यात मोठा आवाज आज नव्हता. त्यांना किळस आली. ओकारीची नाही. स्वतःच्याच त्या मोठ्या आवाजाची.

मिस्त्रीने त्यांना काखेत हात घालून उठवलं.

“बसव,” दाजी म्हणाले.

“कुठं बसवू? उन्हात?”

“अरे, मॅनिफोल्ड बसव. तो तीन तुकड्यांचा. झाकणाचं रबरही नवं टाक.”

स्पेअर पार्टवाला खोकं घेऊन धावत आला. रुमाल नाकावर, डोळे आनंदाने मोठे. “उत्तम विचार केलात काका! आता बघा ताकद...”

“ताकदीचं एक अक्षर बोललास तर हे खोकं तुझ्या डोक्यात घालीन.”

गाडी उभी राहिली. जुन्या मॅनिफोल्डचे बोल्ट गंजून बसले होते, त्यातले दोन तुटले, ते कोरून काढण्यात मिस्त्रीचा दिवस गेला. तिकडे पिंपं भरली, वाहिली, दुकानदारांनी फोनवर तोंडाला येईल ते ऐकवलं. बाजाराच्या टोकाची पिंपं दुसऱ्या गाडीवाल्याने उचलली आणि ती पुढे कायमची त्याचीच झाली. दाजींनी ऐकून घेतलं. एरवी ऐकून घेतलं नसतं.

नवा मॅनिफोल्ड बसल्यावर त्यांनी जुना पोत्यात घातला आणि टँकरवाल्याच्या ऑफिसात गेले. मालक जमाखर्च सोडून खुर्चीसकट मागे सरकला.

“काय हो? काय आहे पोत्यात? मेलेलं काही आणलंत का?”

“मेलेलंच आहे.” दाजींनी तो लोखंडी पंजा टेबलावर ठेवला. काजळी कागदांवर सांडली. “ही चीर बघा. ह्यातून धूर केबिनमध्ये येत होता. माझा मेहुणा त्या धुरात अडीच महिने बसला आणि मी त्याला हसत होतो. मग एक दिवस मी स्वतः बसलो, तर घटकाभरात मला माझा हात सापडेना. त्यानं काय केलं? डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा चढावर भरलेली गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकाखाली दगड लावला आणि मग जाऊन बसला. तुमच्या ड्रायव्हरांपैकी दगड कुणाला सुचला असता?”

“दगड लावला होता?”

“माझ्या डोळ्यांनी बघितला. बघितला आणि ओरडलो.”

मालक चिरेकडे बघत होता आणि एका हाताने नाक दाबून होता. “बरं, बरं. पाठवा त्याला सोमवारी. पण आधी हे लोखंड उचला, आणि...” तो अडखळला. “आणि जरा दाराबाहेर उभे राहून बोला ना.”

दाजी दाराबाहेर गेले. त्या दिवशी त्यांना त्याचाही राग आला नाही.

मेहुण्याच्या सासऱ्याच्या घरी ते आत गेले नाहीत, अंगणातूनच हाक मारली. मुद्दाम मोठ्याने, म्हणजे वरची खोली, खालची खोली आणि शेजार, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मेहुणा जिन्यावरून उतरला. त्याच्या बायकोचे दोन्ही भाऊ दारात आले. एकाने आरवायला तोंड उघडलं.

“तोंड मिट,” दाजी म्हणाले. “ह्याला घाणीनं काही केलेलं नाही. माझी गाडी सडकी होती. चूक माझी आहे. टँकरवाला सोमवारी बोलावतोय.”

भाऊ आत गेले. ते शरमले असं काही नाही, त्यांची गंमत संपली एवढंच. मेहुणा दाजींना रस्त्यापर्यंत सोडायला आला. मग म्हणाला, “दाजी, एक सांगू? रागावू नका.”

“बोल.”

“दोन्ही होतं. धूरही होता आणि घाणही. तुमचं ते पिंप उलटं केलं की, खरं सांगतो, मला जीव द्यावासा वाटायचा. धूर नसता तरी मी पळालोच असतो. जरा उशिरा.”

दाजी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. मेहुणाही हसला, तोंडावर हात ठेवून.

“मग अंगणात ओरडून काय सांगितलं मी?”

“ते राहू द्या तसंच,” मेहुणा घाईने म्हणाला.

नव्या मॅनिफोल्डने टिकटिक गेली. चढावर गाडी खरंच जरा मोकळी चालायला लागली, पण दाजींनी ते कुणाला सांगितलं नाही. आणखी एक गोष्ट गेली. कपाळाच्या मागे कितीतरी वर्षं एक मंद दुखणं होतं. उघड्या खिडकीनेही ते पुरतं गेलं नव्हतं. दाजी त्याला वय म्हणत. ते हळूहळू उतरलं.

आणि एका पहाटे, कोंबडीच्या दुकानांमागे पहिलं पिंप उचलताना, दाजी थबकले. काहीतरी कुजलं होतं. त्यांनी गटारात बघितलं, भिंतीमागे बघितलं. कुत्रं मेलं असेल, मोठं असेल. दुसऱ्या पिंपाशी तोच वास. तिसऱ्याशीही. मग त्यांना कळलं, धूर गेला तसं आपलं नाक जिवंत झालंय, आणि ते पिंपाच्या काठाला धरून उभे राहिले. घशाशी आंबट आलं. नाकाने श्वास घेतला तर वास आत जायचा, तोंडाने घेतला तर चव लागायची. त्यांनी पिंपं भरली, कारण भरायचीच होती. केबिनमध्ये बसले तर सीटला वास, स्टिअरिंगला वास, शर्टाच्या बाहीला वास. भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेला आणि हात बघून परत डब्यात ठेवला. फाटकावर कुणाशी बोलले नाहीत. असे हात घेऊन आपण टपरीच्या बाकावरच्या माणसांच्या शेजारी मुद्दाम बसत होतो, हे त्यांना आठवलं आणि अंगावर शहारा आला.

दुपारी घरी आल्यावर त्यांनी अंघोळ केली. साबण लावून पुन्हा केली. टॉवेलने अंग पुसलं तरी टॉवेलला वास होता, की नाकातच बसला होता, कळेना. बायको आतल्या खोलीत शेंगा सोलत बसली होती. रोज दुपारी दाजी तिथे, तिच्या शेजारच्या गादीवर, तास-दोन तास झोपत. आज त्यांनी आपली उशी आणि चादर उचलली आणि बाहेरच्या खोलीत जमिनीवर टाकली.

“काय झालं?” तिने आतून विचारलं.

“काही नाही. इथं वारा येतो.”

ती दारात आली. उशीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. दाजींनी मान खाली घातली.

“वास येतो मला,” ते म्हणाले. “माझा.”

तिने हाताला चिकटलेली टरफलं झटकली.

“तुला येत होता?”

“मला नाक आहे,” ती म्हणाली.

“मग इतक्या वर्षांत बोलली नाहीस कधी.”

“तुम्ही कधी विचारलंत?” तिने खाली वाकून उशी उचलली, दोनदा झटकली. “आणि सांगून काय करणार होतात? दमून यायचात.”

“राहू दे ती इथंच.”

पण ती उशी घेऊन आत गेली. दाजी थोडा वेळ बाहेरच्या खोलीत उभे राहिले. मग चादर उचलून आत गेले, गादीच्या अगदी कडेला, भिंतीकडे तोंड करून, अंग चोरून आडवे झाले आणि श्वास हळू घ्यायला लागले. शेंगा सोलून झाल्या. सुपाचा आवाज थांबला. ती उठली, हात धुऊन आली आणि शेजारी आडवी झाली, रोजच्याइतक्याच अंतरावर.